चोवीस लिटरचा नाथसागर

काल संध्याकाळी आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला : ‘काही सुशिक्षित मंडळींनी पाण्याविषयी अफवा पसरवू नयेत, ही नम्र विनंती.’ नाव कुणाचंच नव्हतं. पण खाली वीस-बावीस जणांनी हात जोडले आणि समोरच्या वहिनींनी ‘सर, तुम्हाला नाही म्हटलं’ असं लिहून उरलीसुरली शंकाही फेडली.

मी अफवा पसरवलेली नाही. मी गच्चीवर बसून प्रेशर पंपाच्या टाकीतली हवा तपासत होतो. यात अफवा कुठून आली ते सांगतो.

आमची न्हाणी वरच्या मजल्यावर आणि पाण्याची टाकी तिच्या डोक्यावरच. दहा फूट उंचीवरून येणाऱ्या पाण्याला जेमतेम सव्वाचार पीएसआय (म्हणजे दर चौरस इंचावर तितके पौंड) दाब मिळतो, आणि आमच्याकडे तेवढीही उंची नाही. शॉवर सोडला की पाणी अंगावर पडण्याऐवजी भिंतीने उतरायचं. मुलाने हौसेने प्रेशर पंप बसवून दिला आणि तो पुण्याला निघून गेला. पंपाशेजारी एक लाल रंगाची 24 लिटरची टाकी आहे. सगळं ठीक चाललं होतं. मग पंपाला उचकी लागली. नळ सोडला की सुरू, लगेच बंद, लगेच सुरू. रात्री कुणी हात धुवायला उठलं तरी अख्खं घर जागं.

मेकॅनिक आला. मेन स्विच बंद न करताच त्याने, दाब बघून पंप चालू-बंद करणाऱ्या प्रेशर स्विचचं झाकण उघडलं आणि उघड्या तारांच्या शेजारी स्क्रू ड्रायव्हर नाचवत म्हणाला, “सर, मोटार गेली. नवी टाका.” मी म्हटलं, “आधी एमसीबी पाड.” तर हसला. त्याने स्विचचा नट आवळला, तेव्हा पंप बंदच होईना. मग पुन्हा सैल केला, पंप होता तसा उचक्या देऊ लागला आणि हा व्हिजिट चार्ज घेऊन गेला. करंट त्याला का लागला नाही, याचा मला अजून थोडा राग आहे.

मग मी पंपाबरोबर आलेलं पुस्तक वाचलं. आमच्या भागात हे पुस्तक खोक्यातून बाहेर काढणारा मी पहिलाच असेन. त्यात सरळ लिहिलं होतं : वीज बंद करा, पंपाकडे येणारा व्हॉल्व्ह बंद करा, सगळ्यात खालचा नळ उघडा, गेजचा काटा शून्यावर येऊ द्या, मगच टाकीतली हवा मोजा. टाकीत पाण्याचा दाब असताना मोजलं तर आकडा खोटा येतो. टाकीचा हवा भरायचा व्हॉल्व्ह मोटरसायकलच्या ट्यूबचा असतो तोच. म्हणून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेज मागितलं. त्याने स्कूटरची चावी ठेवून घेतली. वर म्हणाला, “टाकीच घेऊन या ना इकडं.”

बनियनवर गच्चीत बसलो, एमसीबी पाडला, आणि बाजूच्या गच्चीवरून आवाज आला.

“काय करायले सर?”

हे काका. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. नोकरीची बरीच वर्षं जायकवाडी धरणावर, म्हणजे नाथसागरावर गेली. नाथसागराला 27 दरवाजे आहेत हे आमच्या गल्लीतलं तान्हं पोरही सांगेल, इतक्यांदा त्यांनी ते सांगितलंय.

“टाकीतली हवा बघायलोय काका.”

“पाण्याच्या टाकीत हवा कशापायी?”

मी समजावून सांगितलं. पाणी दाबून दबत नाही, हवा दबते. टाकीत रबरी फुगा असतो. आत पाणी, बाहेरून हवा. पंप पाणी भरतो तसतशी हवा आखडते. नळ उघडला की तीच हवा पाणी ढकलते, पंपाला लगेच उठावं लागत नाही. हवा निघून गेली की प्रत्येक तांब्यामागे पंप धावतो, मोटार तापते, स्विचचे पॉइंट जळतात.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. “आमच्याकडं हवा नव्हती बा. शंभर टीएमसीच्या वर पाणी, पन हवेचं काई काम नव्हतं. तुमचा साठा किती?”

“चोवीस.”

“टीएमसी?”

“लिटर.”

“लिटर,” ते म्हणाले. घरात कुणी गेल्यावर भेटायला आलेला माणूस जसा बोलतो तसं. मग सावरून, “बरं, दाब?”

“वीस पीएसआयला सुरू, चाळीसला बंद.”

“आन् सांडवा कुठंय? जादा पानी जायला वाट?”

“सांडवा नाही.”

“सांडव्याबिगर धरण?” काका कठड्यावर रेलले. “कुनी मंजूर केलं हे?”

इथे मी गप्प बसलो, कारण मुद्दा खरा होता. स्विच चिकटला आणि पंप थांबलाच नाही, तर वाढलेला दाब बाहेर पडायला रिलीफ व्हॉल्व्ह हवा. बसवणाऱ्याने तो लावलाच नव्हता. बिलात मात्र ‘फिटिंग साहित्य’ म्हणून मोघम रक्कम आहे.

“आता विसर्ग कुठून करनार?”

“खालच्या अंगणातल्या नळातून.”

“खालच्यांना इशारा दिला का?”

“खाली फक्त आमची हीच आहे, काका. कुकर लावायलीय.”

“मानूस एक असो का गाव असो. पानी सोडायच्या आधी इशारा द्यावाच लागतो. भोंगा वाजवावा लागतो.” आणि मी ‘अहो काका’ म्हणेपर्यंत त्यांनी तोंडापाशी दोन्ही हातांचा कर्णा केला. “पानी सुटायलंय होऽऽ! सावध ऱ्हावा! पानी सुटायलंय!”

आमच्या संभाजीनगरात नळ कितीतरी दिवसांनी येतो आणि येण्याची वेळ कुणालाच ठाऊक नसते. तिथे ही आरोळी. एका दमात गल्लीतली दारं उघडली. अर्धी दाढी केलेले एक गृहस्थ पाइप ओढत बाहेर आले. मावशींनी कुरडयांचं वाळवण तसंच टाकून हंडे मांडले. पाठोपाठ मोटारी लागल्या, एक, दोन, मग सगळ्याच, आणि कोरड्या नळातून हवा ओढत किंचाळू लागल्या. “आलं का?” “तुमच्याकडं आलं?” “पुढच्या गल्लीत आलं म्हनं!” काका वरून समाधानाने पाहत होते. सगळं गाव वेळेवर सावध झालं होतं.

मी खाली जाऊन नळ उघडला. आमच्या अंगणात बादलीभर पाणी पडलं. तेवढं सगळ्यांनी बघितलं.

“सरांकडं आलं की!”

आता सांगा, या जमावाला मी रबरी फुगा समजावून सांगायचा होता?

खरं तर मला या मोटारींचाच राग आहे. नळाला थेट मोटार लावायची नाही हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळ्यांनी लावली आहे. शेजाऱ्याने अर्धा एचपीची लावली की आपण एकची. सगळे मिळून एकाच पाइपातून ओढतात, पाइपातला दाब पडतो आणि जिथे कुठे चीर असेल तिथून गटाराचं पाणी आत शिरतं. मग आपण प्युरिफायर घेतो. मलिक अंबरने सतराव्या शतकात या शहराला नहर दिली ती जमिनीच्या उतारावर, मोटारीशिवाय. पाणचक्की तर पडणाऱ्या पाण्यावर जातं फिरवायची. आम्ही वीज घालून शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी ओढतो आणि उरलेल्या विजेवर शॉवरला जोर आणतो. शॉवरला जोर आला तशी वरची टाकी निम्म्या वेळात रिकामी होते, आणि टँकरवाल्याला फोन मलाच करावा लागतो.

असो. वर येऊन टोपण काढलं, पिन दाबली. पाणी आलं असतं तर फुगा फाटलेला. नुसतंच फुस्स झालं, म्हणजे फुगा शाबूत. गेजवर चार. पायपंपाने भरत भरत अठरावर आणलं, म्हणजे पंप सुरू होतो त्याच्या दोन खाली. व्हॉल्व्ह खोलला, वीज चालू केली. आता पंप एकदा भरून गप्प बसतो. मोटार नवी घ्यावी लागली नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं. त्यावर कुणी अंगठासुद्धा दिला नाही.

काकांनी मात्र मनावर घेतलंय. आज सकाळी वही आणि पेन घेऊन ते कठड्याशी उभे होते. रकाने आखून झाले होते.

“सर, आजचा दाब?”

“अठरा.” मी मोजला नव्हता. ती हवा रोज मोजायची नसतेच. त्यासाठी सगळी टाकी पुन्हा रिकामी करावी लागते.

“साठा?”

“चोवीस,” मी म्हटलं. खरं तर त्या टाकीत तितकं पाणी कधीच मावत नाही, निम्मी जागा हवेचीच. पण सांडव्याचा विषय पुन्हा नको होता.

“आवक?”

“शून्य.”

त्यांनी तेही सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि शेजारच्या मोकळ्या जागेकडे पेन दाखवून म्हणाले, “इथं तुमची सही लागेल.”