बाळंत तू झालास का?

आज एका बारशाला गेले होते. पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटून झाल्या, आणि बाळाचा बाप कोपऱ्यातल्या खुर्चीत नुसता बसलेला, डोळे खोल गेलेले. एका काकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय रे, बाळंत तू झालास का?" सगळे हसले. तोही हसला. माझ्या डोक्यात जी तिडीक गेलीय ती अजून उतरत नाहीये.

कारण असं हसणं मी आमच्या घरात पाहिलंय. माझा धाकटा दीर. बायको रीतीप्रमाणे माहेरी, सोलापूरला. हा पुण्यात. सुट्टीला जायचा, जावई म्हणून बडदास्त व्हायची, पण लेकीला उचललं की "मान सांभाळा हं!" आणि लगेच ती कुणाच्या तरी मांडीवर. तिसरा महिना संपता मायलेकी पुण्याला आल्या. तोवर पाहुणा असलेला माणूस एका दिवसात बाप. सगळ्यांना वाटलं, आता स्वारी खूश.

स्वारी ऑफिसातून येऊन खाली पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहायची. वर आला की कुकरच्या शिट्टीवरूनही ओरडायचा. सासूबाई म्हणाल्या, जबाबदारी नकोय याला. एकदा मीच खाली जाऊन गाडीत बसले, तेव्हा म्हणाला, "वहिनी, तिच्याकडे बघून मला काहीच वाटत नाही. मी राक्षस आहे का?"

राक्षस! अरे, आजारी होतास तू. बाळ झाल्यावर साधारण दहातल्या एका बापाला नैराश्य येतं, आणि बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना सगळ्यात जास्त, हे २०१० साली जगभरचे अभ्यास एकत्र करून मांडून झालंय. पुरुषांत ते बरेचदा चिडचिड, दारू, नाहीतर उशिरापर्यंत ऑफिस अशा रूपात दिसतं, म्हणून आपण त्याला माजोरडा म्हणून मोकळे होतो.

हो, टाके बाईलाच पडतात, रात्री दूध तीच पाजते. मान्य. काही बाप खरंच कामचुकार असतात, तेही मान्य. पण बायको खचली असेल तर नवरा खचण्याची शक्यता वाढते आणि उलटही. मग कोणाचं दुःख मोठं याची शर्यत कशाला लावताय? केंद्र सरकारी नोकराला पंधरा दिवस तरी पितृत्व रजा आहे. खाजगी नोकरीत आईला २०१७ पासून २६ आठवडे, आणि बापाला कायद्याने शून्य! माझ्या दिराच्या साहेबाने तर पेढा खाता खाता विचारलं होतं, "सोमवारी येतोयस ना?"

शेवटी तो ज्या डॉक्टरीणबाईंकडे गेला, त्यांनी त्याला दहा प्रश्नांचा कागद भरायला दिला. एडिनबरा स्केल, म्हणजे नैराश्य ओळखायची प्रश्नावली, १९८७ सालची, मुळात बाळंतिणींसाठी केलेली. बापांनाही लावतात, फक्त गुणांची मर्यादा जरा खाली धरून. कागद भरताना ढसाढसा रडला म्हणे. गोळ्या, समुपदेशन, बरेच महिने गेले. आता लेकीची वेणी तोच घालतो, वाकडी का असेना. (जाऊबाई ती सोडून परत घालतात, तो भाग वेगळा.)

त्या बारशातल्या मुलाच्या बायकोला मी निघताना बाजूला घेऊन टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिलाय. फुकट आहे, मराठीतही बोलतात. तिला म्हटलं, तूच लावून त्याच्या हातात दे, तो आपणहून नाही लावणार.