वर कोणाचा हात?

दोन वेगवेगळ्या कथाविश्वांतली पात्रं एकाच गोष्टीत आणणं म्हणजे दोन्हीकडच्या व्याह्यांना एका पंगतीत बसवणं. वाढायला कुठून सुरुवात केली, इथूनच रुसवे. तरी मला हौस अशी, की शेरलॉक होम्स आणि फास्टर फेणे यांनी मिळून नागपुरात एक चोरी पकडावी!

पहिलं लचांड काळाचं. होम्सचं सोपं होतं. 1891 मध्ये तो रायखेनबाखच्या धबधब्यापाशी बेपत्ता होतो आणि 1894 मध्ये लंडनात पुन्हा उगवतो. मधली दोन वर्षं तिबेटात होतो, असं स्वतःच वॉटसनला सांगतो. तिबेटला निघालेला माणूस वाटेत नागपूरला उतरला तर कोणाचं काय जातं? रेल्वे 1867 पासून होती, काळी मारबत, म्हणजे मिरवणुकीने नेऊन जाळायचा तो पुतळा, 1881 पासून निघत होती. पण फुरसुंगीचा बन्या फेणे पडला स्वातंत्र्यानंतरचा. त्याच्यासाठी होम्सला पुढे ओढावं तर म्हातारा शंभरी ओलांडतो. शेवटी ठरवलं, सालाचं नावच काढायचं नाही. मारबतीच्या गर्दीत साल विचारतो कोण?

चोरीचा हार एका बडग्याच्या, म्हणजे मारबतीसोबत निघणाऱ्या पुतळ्याच्या पोटात. मिरवणूक संपली की बडग्या जळणार. कथानक झकास होतं. वाचक मात्र घरातलेच. बाबा होम्सचे भक्त, भाची बन्याची.

होम्सने पहिल्याच भेटीत वॉटसनला ‘तुम्ही अफगाणिस्तानात होतात’ म्हणून गार केलं होतं. तसं माझ्या होम्सने इतवारीतल्या ठेल्यावर बन्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, ‘तू पुण्याचा.’ बाबा खूश.

भाची म्हणाली, “त्यात काय मामा? पोह्यावरची तर्री बाजूला सारून खाऊन राहिला ना तो. ते ठेलेवाल्यालाही कळलं असेल!”

मग ते वाक्य ठेलेवाल्याला दिलं. बाबा भडकले. “होम्स काय पोहे खायला आला का बे इथं?”

बरं, हे दुखणं जुनंच. 1906 मध्ये फ्रेंच लेखक मॉरिस लब्लाँने आपल्या आर्सेन ल्युपिन या चोर-नायकासमोर होम्सला उभं केलं, तेव्हा होम्सचे जनक कॉनन डॉयलनी हरकत घेतली. लब्लाँने अक्षरांची अदलाबदल करून ‘हर्लॉक शोम्स’ केला आणि सुटला. आमच्याकडे ती पळवाटही नाही. बाबा दोन्ही नावांना सारखेच चिडतील.

तेव्हापासून मी तराजू घेऊनच लिहितो. होम्सने माती हुंगली की लगेच बन्याची सायकल गल्लीतून सुसाट. होम्सला भिंगातून काही दिसलं, की बन्याचं ‘ट्टॉक्’. भाची वाक्यं मोजते. “होम्सला एवढी मोठ्ठी अन् बन्याला एवढुशीच काहून?” म्हणून बन्याला एक लांबलचक भाषण दिलं, तर तीच म्हणते, “बन्या असा बोलतच नाही.”

शेवटी कटकट नको म्हणून लिहिलं : बडग्याच्या पोटातल्या हारावर दोघांचा हात एकाच क्षणी पडला.

बाबांनी चष्मा पुसला, कागद पुन्हा वाचला. भाची त्यांच्या खांद्यावरून डोकावली. दोघांनी एका सुरात विचारलं,

“वर कोणाचा हात?”