परसातली पपई

व्हिएतनामी-अमेरिकन लेखिका थान्हा लाय यांच्यावरचा तुमचा लेख आवडला. १९७५मध्ये व्हिएतनाममधलं सायगाव सोडून दहाव्या वर्षी अमेरिकेतल्या अलाबामात पोचलेली ही मुलगी पुढे इंग्रजीतच मुक्तछंदात ‘इनसाइड आउट अँड बॅक अगेन’ ही मुलांसाठीची कादंबरी लिहिते आणि २०११चं नॅशनल बुक अवॉर्ड मिळवते! पण लेखात पपईचं झाड राहून गेलं. कादंबरीतल्या छोट्या मुलीचा सगळा जीव सायगावच्या परसातल्या त्या झाडात अडकलेला आहे. वर्गात नवी भाषा येत नाही, पोरं चिडवतात, आणि तिला ती पपई आठवते.

माझ्या भाचीच्या गावाकडच्या बोलण्याला मुंबईच्या शाळेत मुलं हसायची. मे महिन्यात ती गुहागरला आली तेव्हा तिला ही गोष्ट सांगितली. काही न बोलता उठली आणि रातांब्याखाली जाऊन कितीतरी वेळ बसली. हे पुस्तक मराठीत, आमच्या शाळांच्या कपाटात हवंच.