१७४८ वॅटच्या तक्रारीवर दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ, तुमचा १ स्टारवाला रिव्ह्यू पूर्ण वाचला. तुमचं म्हणणं असं की २००० वॅटचा सांगून १५ लिटरचा गिझर दिला, पण सकाळी बोर्डावर मल्टीमीटर लावला तर २३० व्होल्ट, मग गिझर चालू करून वायरीतला करंट मोजायचं क्लॅम्प मीटर लावलं तर ७.६ अँपिअर, गुणाकार १७४८ वॅट, म्हणजे अडीचशे वॅटची चोरी आणि एलिमेंट (पाणी तापवणारी आतली कॉइल) डुप्लिकेट. पाणी तापायला २४-२५ मिनिटं लागून राहिली. आणि जाता जाता एक ओळ लिहिली की प्लग पण चटका बसेल इतका गरम होतो. भाऊ, मला सगळ्यात जास्त काळजी त्या ओळीची आहे.

तुमचा गुणाकार बरोबर आहे. त्याच आकड्यांचा भागाकार केला, २३० भागिले ७.६, तर रेझिस्टन्स येतो ३०.३ ओहम. एलिमेंट खरंच तेवढ्याचं असतं तर मी काही न विचारता गिझर बदलून दिला असता, कारण स्टँडर्डप्रमाणे अशा हीटरला १० टक्क्यांपर्यंत कमी चालतं, म्हणजे १८०० वॅट, म्हणजे साधारण २९.४ ओहम, त्याच्यावर गेला की माल परत. पण आमच्या सीताबर्डीच्या दुकानात तुमच्यासमोरच मीटर लावून दाखवलं होतं आणि बिलाच्या मागे लिहून दिलं होतं, २६.५ ओहम, बिल काढून पाहा. २३० चा वर्ग भागिले २६.५ केलं की १९९६ वॅट येतात. कॉइल तापल्यावर तिचा रेझिस्टन्स थोडा वाढतो पण तो काही टक्केच, २६.५ चे ३० नाही होत. (बल्बची गोष्ट वेगळी, तिथे थंड फिलामेंट मोजून वॅट काढायला जाल तर भलताच आकडा येतो.)

आता गडबड कुठं आहे ते सांगतो. २३० तुम्ही मोजले गिझर बंद असताना आणि ७.६ मोजले चालू असताना. हे दोन आकडे एकाच वेळचे नाहीत अन् एकाच जागचे पण नाहीत, त्यांचा गुणाकार करून गिझरची पॉवर नाही निघत. एलिमेंट २६.५ ओहमचं आणि करंट ७.६, तर एलिमेंटवर व्होल्टेज पोचलं ७.६ गुणिले २६.५ म्हणजे २०१. पॉवर ७.६ चा वर्ग गुणिले २६.५, जवळपास १५३० वॅट. म्हणजे तुम्ही लिहिलं त्याच्यापेक्षाही कमी! व्होल्टेज १२-१३ टक्केच घसरलं पण वॅट २३ टक्के गेले, कारण पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते. वेळ पण जुळतो बघा, १५ लिटर पाणी ३५ डिग्रीने तापवायला २००० वॅटला १८ मिनिटांच्या आसपास लागतात आणि १५३० ला २४. तुम्ही मिनिटं बरोबरच मोजली.

राहिले २३० आणि २०१ मधले २९ व्होल्ट. लोड पडल्यावर थोडं व्होल्टेज बाहेरच्या लाइनवर पडतं, ते मान्य, पण प्लग गरम होतो म्हणता तेव्हा त्यातला बराच भाग तुमच्या घरातच, वायरमध्ये आणि सॉकेटच्या लूज कनेक्शनमध्ये पडत असणार असं माझं मत आहे. २९ गुणिले ७.६ म्हणजे २२० वॅट. त्यातले निम्मे जरी त्या एका सॉकेटमध्ये जळत असतील तरी प्लास्टिक वितळायला अन् आग लागायला तेवढे पुरतात. तुम्ही घेताना बोलले होते की महाल भागातलं जुनं घर आहे. जुन्या घरांत पुष्कळ ठिकाणी लाइट-पंख्याची ॲल्युमिनियमची बारीक वायर असते आणि बाथरूमजवळ ६ अँपिअरचं सॉकेट, त्याच्यावर पूर्ण २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर ओढणारा गिझर चालत नाही. त्याला १६ अँपिअरचं पॉवर सॉकेट, कमीत कमी २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वेगळी वायर आणि चांगली अर्थिंग पाहिजे. हे आम्ही गिझर देताना प्रत्येकाला सांगतो, पण नागपुरात डिसेंबरचा गारठा सुरू झाला की सगळ्यांनाच घाई असते.

खात्री करायची असेल तर घरीच करा. गिझरचा प्लग पूर्ण काढा, टाकीतलं पाणी थंड होऊ द्या (गरम असलं तर थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की लाइन तोडणारा स्विच, कट राहतो आणि मीटर काहीच दाखवत नाही), आणि मल्टीमीटर ओहमवर ठेवून प्लगच्या दोन बारक्या पिनांमध्ये लावा, जाडी अर्थची पिन सोडून. २६-२७ आलं तर एलिमेंट ठीक. आणि चालू गिझरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजायचं ते मात्र वायरमनलाच मोजू द्या, ओल्या जागी स्वतः हात घालू नका.

आकडा २९.४ च्या वर आला तर गिझर घेऊन या, तुमच्यासमोर पुन्हा मोजू आणि नवीन देऊ, फिटिंगचा खर्चही आमचा. पण तोपर्यंत कृपा करून त्या सॉकेटवर गिझर लावू नका, आजच बंद करा. एमसीबी (बोर्डावरचा सेफ्टी स्विच) पाडून सॉकेट उघडून पाहायला वायरमनला बोलवा, आतली वायर काळी पडली असेल तर तेवढी कापून पुन्हा जोडून नका घेऊ, पूर्ण लाइन नवीन ओढा. प्लगच्या पिना काळ्या झाल्या असतील तर प्लग आम्ही बदलून देतो, त्याचे पैसे नको.