वायसर गेला

आमच्या स्वयंपाकघरातील नळ गेल्या महिन्यात गळू लागला. सेकंदाला एक थेंब एवढाच तो गळत असे. परंतु रात्री खाली तांब्या ठेवून पाहिला, तेव्हा तो तासाभरात जवळजवळ भरला. प्लंबरला फोन केला, तर "वायसर गेला असणार, आणून ठेवा, मी येतोच" असे सांगून त्याने जो फोन ठेवला, तो आजतागायत उचललेला नाही.

वायसर म्हणजे मूळचा वॉशर, हे मला ठाऊक होते आणि तेच नडले. हार्डवेअरच्या दुकानात मी शुद्ध उच्चारात "एक वॉशर द्या" असे म्हणताच, कपडे धुण्याची यंत्रे पुढच्या चौकात मिळतात, असे मला अदबीने सांगण्यात आले. मुकाट्याने "वायसर" म्हटल्यावर मात्र दुकानदाराची कळी खुलली आणि उलटतपासणी सुरू झाली. नळाचा की नटबोल्टचा? रबरी, फायबरचा की लोखंडी? साधा की स्प्रिंगचा? नटाखालची सपाट चकती दाब पसरवते, एका जागी चिरलेला स्प्रिंग वायसर हादऱ्यांनी नट सैल होऊ देत नाही आणि नळातला रबरी वायसर पाण्याच्या तोंडावर बूच होऊन बसतो, एवढे ज्ञान त्याने नमुने मांडून फुकट दिले. वायसरचे तेवढे पाच रुपये घेतले. "अर्धा इंची की पाऊण?" या शेवटच्या प्रश्नाला मी, न कळल्याचे कळू नये म्हणून, ठामपणे "पाऊण" असे उत्तर दिले.

घरी येऊन कॉक बंद केला आणि पान्याने नळाचे डोके उघडले. जुना वायसर दगडासारखा कडक झाला होता व त्यावर नळाच्या तोंडाचे वर्तुळ खोलवर उमटले होते. नवा त्या जागेत शिरेना, कारण नळ अर्धा इंची होता. "स्टोव्हच्या पंपाचा वायसर चामड्याचा असायचा," आई मागून म्हणाली, "वाळून आकसला की हवा भरायची नाही. मग तेलाचा थेंब सोडायचा. मीच करायचे ते. तुझ्या बाबांनाही कधी जमलं नाही." त्या 'ही'मुळे मी शब्दकोशाचा आश्रय घेतला. यंत्रातल्या चकतीला इंग्रज चौदाव्या शतकापासून वॉशर म्हणत आले आहेत. मात्र तिचा धुण्याशी संबंध काय, हे त्यांच्या कोशकारांनाही नीटसे उलगडलेले नाही. दुकानदाराचा काही दोष नव्हता तर.

त्याच रात्री न्यू जर्सीहून वहिनीचा फोन आला. "आई, आमचा वॉशर गेला हो. नवा घ्यायचा, तर सातशे डॉलर सांगतायत."

आई क्षणभर गप्पच झाली. मग फोनवर हात ठेवून मला म्हणाली, "उद्या बदलायला जाशील ना, तेव्हा दोन जास्तीचे आण. चकलीच्या डब्यातून पाठवू. आणि अर्धा इंची की पाऊण, ते आधी तिला विचार."