बघणं वेगळं, फिरवणं वेगळं

भाऊ, उभ्या गाडीचं आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) घरी कसं बघायचं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "घरी आरपीएम बघायला सांगून तुम्ही लोकांच्या गाड्या बिघडवता. आता सगळं कॉम्प्युटर सांभाळतो, मेकॅनिककडे जा म्हणा," असं तुमचं म्हणणं. यातलं अर्धं मला मान्य आहे. आयडलिंगचा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचा वेग ठरवणारा स्क्रू जुन्या कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० किंवा ओम्नीला फिरवायचा असतो. इंजेक्शनच्या गाडीत उभ्या इंजिनाला किती हवा द्यायची ते ईसीयू, म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो, तिथे थ्रॉटलच्या (हवा कमी-जास्त सोडणाऱ्या झडपेच्या) स्क्रूला पाना लावायचाच नाही. हे मी स्पष्ट लिहायला हवं होतं. लेखात आजच दुरुस्ती केली.

पण आरपीएमचा काटा नुसता बघायला काय हरकत आहे? आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, चांगला मेकॅनिक गाठायचा तर ४० किलोमीटर.

मागच्या हिवाळ्यात भाव मिळेना म्हणून कापूस घरातच भरून ठेवला होता. कापूस आला की उंदीर आलेच. गाडी शेजारच्या छपरीत. एक दिवस इंजिन तापलं तरी काटा १२०० च्या खाली येईना. एरवी तो ८०० वर असतो. तालुक्याच्या एका गॅरेजवाल्याने बोनेट उघडून दोन मिनिटांत थ्रॉटल बॉडी बदला म्हणून सांगितलं. मी गाडी परत आणली. संध्याकाळी सगळं शांत झाल्यावर कान लावला, तर सूंऽऽ असा बारीक आवाज. थ्रॉटलच्या मागे करंगळीएवढा रबरी पाइप, त्यावर दातांची दोन भोकं, खाली रबराचा काळा चुरा. भोकांवर बोट दाबलं, आवाज थांबला आणि काटा हळूहळू खाली आला. त्या भोकांतून जास्तीची हवा आत जात होती. माझ्या गाडीत ईसीयू आतला दाब मोजून पेट्रोल सोडतो, त्यामुळे हवेबरोबर पेट्रोलही वाढत होतं. फक्त पाइप बदलला. ८०० हा आकडा डोक्यात नसता, तर मी गॅरेजवाल्याला हो म्हणून मोकळा झालो असतो.

बघायचं ते मात्र नीट. इंजिन पुरतं तापू द्या, रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद होऊ द्या. थंड इंजिनाला १२०० दिसले तर तो बिघाड नाही. एसी, लाइट बंद, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्या तेव्हा ७०० ते ९०० च्या मध्ये असतात, तरी आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडाच खरा. डॅशबोर्डवर आरपीएमचा काटा नसेल, तर इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत स्टेअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (ईसीयूमधली माहिती वाचायची जागा) ब्लूटूथचा अडॅप्टर लावून फोनवर दिसतं. बंद छपरीत इंजिन चालू ठेवू नका, धुराने जीव जातो. आणि बोनेटवर वाकण्याआधी गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा. इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यात टोक अडकलं तर हात लावायलाही वेळ मिळत नाही.

एसी लावला की तुमची गाडी थरथरते, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तेव्हा काटा किंचित वर जायला हवा, निदान होता तिथे तरी राहायला हवा. तो खाली बसत असेल तर थ्रॉटलवरचा कार्बन आधी साफ करून घ्या, तोही मेकॅनिककडूनच. एसी बंद असताना किती आणि लावल्यावर किती, दोन्ही आकडे मला कळवा.