साडेसातशेची साडेसाती

आपल्याकडे टीव्हीचं चित्र सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशोबाने चालतं. म्हणजे तीस सेकंदांच्या जाहिरातीला फ्रेम मिळतात 750. उदाहरणाला चहाची जाहिरात घेऊ, कारण काच, स्टील, द्रव, वाफ आणि पिकलेले केस हे आमच्या, म्हणजे शूटिंगनंतर जाहिरात जुळवणाऱ्यांच्या, धंद्यातले पाचही असाध्य रोग तिच्यात एकत्र नांदतात. एवढ्या जागेत सासू, नवी सून, नातू, किटली, वेलदोडे, पुडा, लोगो आणि जिंगल बसवायची, वर गोष्ट 'इमोशनल पण फनी' ठेवायची.

एडिटला बसलो की पहिल्यांदा शेवट कापून बाजूला ठेवावा लागतो. पॅकशॉटच्या, म्हणजे शेवटी पुडा आणि लोगो दाखवणाऱ्या शॉटच्या, 75 फ्रेमना हात लावायचा नाही. चहा कपात पडतानाचा शॉट क्लायंटचा लाडका, त्याला 50. उरल्या 625, म्हणजे पंचवीस सेकंद. तेवढ्यात सासूने नाक मुरडायचं, कप घ्यायचा, घोट घ्यायचा आणि विरघळायचं. घोट तीसएक फ्रेमच्या खाली आला की तोंड पोळल्यासारखं दिसतं, साठच्या वर गेला की चहा निवल्यासारखा. हृदयपरिवर्तनाला फार तर दोन सेकंद. मालिकेत याच कामाला तीन आठवडे देतात, आणि तरी परिवर्तन होत नाही.

हे सगळं बसतं न बसतं तोच व्हीएफएक्स, म्हणजे संगणकावरची चित्रांची करामत, सुरू होतं, आणि इथे शूटिंगच्या दिवशीची पापं फेडायची असतात. सेटवर 'पोस्टमध्ये बघू', म्हणजे शूटिंगनंतरच्या कामात बघू, म्हणायला पैसे पडत नाहीत. म्हणणारा माणूस पोस्टला कधीच येत नाही.

खिडकीबाहेर कोकणातला पाऊस हवा, शूटिंग मे महिन्यात, गोरेगावच्या बंद स्टुडिओत. म्हणून खिडकीमागे क्रोमा, म्हणजे हिरवं कापड. हिरवंच का, तर कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचे निम्मे ठिपके हिरव्या रंगाचे असतात, त्यामुळे तो रंग सर्वांत स्वच्छ उचलला जातो आणि पुसायला सोपा जातो. हे सगळ्यांना पाठ असतं. तरीही कलाविभाग नव्या सुनेला कोपरापर्यंत हिरवा चुडा भरतो, आणि क्लायंटचा नवा वेलदोड्याचा चहा हिरव्याच पुड्यात येतो. संगणकाला चुडा आणि कापड यांतला फरक कळत नाही. हिरवा काढ म्हटलं की तो प्रामाणिकपणे काढतो: सुनेचा पंजा मनगटापासून वेगळा तरंगतो, मधल्या फटीत पाऊस पडतो आणि पुड्याला भोक पडून त्यातून नारळाची झाडं डुलतात. मग निळा क्रोमा लावायचा होता, असं कुणीतरी शहाणा सुचवतो. नातवाच्या गणवेशाची चड्डी निळी आहे.

कापड आणि माणूस यांत किमान आठ-दहा फूट अंतर हवं. सेटवर जागा असते चार फूट. मग कापडावरचा उजेड उलटून माणसावर सांडतो, त्याला आम्ही स्पिल म्हणतो. तो सर्वांत जास्त बसतो सासूच्या पांढऱ्या केसांवर आणि गालावर. डीस्पिल करून हिरवा उतरवावा तर त्वचेत गुलाबी वर येतो, आणि सुनेला टोमणा मारताना सासूबाई लाजल्यासारख्या दिसतात. कापडाला इस्त्री नसेल तर प्रत्येक सुरकुतीचा हिरवा निराळा, त्यामुळे एका कीमध्ये, म्हणजे रंग पुसण्याच्या एका फेरीत, काम होत नाही. केसांची वेगळी, पदराची वेगळी, हातांची वेगळी असे तुकडे पाडावे लागतात. त्यात पैसे वाचवायला कॅमेरा 4:2:0 या पद्धतीत चालवला असेल तर रंगाची माहिती आडवी निम्मी आणि उभी निम्मीच साठवलेली असते, आणि केसांच्या कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या तुटतात. शेवटी रोटो. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे 125 फ्रेम, दर फ्रेमला बाह्यरेषेचे बिंदू हाताने सरकवायचे. चुडा हलता असला की संपलंच: 1/50 सेकंदाच्या शटरमध्ये बांगडी फराटा होते, त्या फराट्यात अर्धी बांगडी आणि अर्धं कापड असतं, आणि कुठला हिरवा कुणाचा हे ब्रह्मदेवही सांगणार नाही.

किटलीबद्दल बोलायचं तर स्टीलची गोल, चकचकीत किटली म्हणजे बहिर्गोल आरसा. तिच्यात हिरवं कापड दिसतं, लाइट दिसतात, कॅमेरा दिसतो, दिग्दर्शक दिसतो, आणि बटाटेवड्याचा ट्रे घेऊन उभा असलेला स्पॉटदादा तर सासूपेक्षा ठळक दिसतो. सेटवर चमक मारणाऱ्या डलिंग स्प्रेचा हलका हात मारला असता आणि आजूबाजूला काळं कापड धरलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. आता कॅमेरा हलता आहे, त्यामुळे प्रतिबिंबं किटलीच्या पोटावरून घसरत, ताणत जातात. त्यांच्यावर टाकायचं ठिगळही तसंच घसरवावं, ताणावं लागतं. शंभर फ्रेममधून वडे पुसताना भूक लागते, ही तक्रार कुठल्याही बिलात लावता येत नाही.

वाफ मात्र मजेशीर प्रकरण. चौथ्या टेकपर्यंत चहा थंड झालेला असतो, आणि गरम असला तरी उजळ भिंतीसमोर वाफ दिसत नाही. म्हणून ती वेगळी शूट करायची: काळा पडदा, मागून उजेड, उकळतं पाणी. ती प्लेट, म्हणजे ते चित्रण, कॉम्पमध्ये, म्हणजे थर एकत्र करताना, स्क्रीन मोडने टाकली की काळं नाहीसं होतं, पांढरं उरतं. पण कप उचलल्यावर वाफ टेबलावरच राहिली तर भुताटकी वाटते, म्हणून ती कपाला ट्रॅक करायची, तीही किंचित मागे रेंगाळत, कारण खरी वाफ लगेच धावत नाही. डोक्यावर पंखा फिरत असेल तर ती सरळही जाता कामा नये. एवढं केल्यावर निरोप येतो, 'वाफ छान आहे, जरा प्रीमियम करा.' प्रीमियम वाफेचं बटण आमच्या सॉफ्टवेअरांपैकी न्यूकमध्येही नाही आणि फ्लेममध्येही नाही. आम्ही दोन दिवस थांबून तीच वाफ परत पाठवतो. 'आता जमलं!'

ग्रेडिंगवर, म्हणजे रंग जुळवण्यावर, फार बोलत नाही. अंधाऱ्या खोलीत, मापून लावलेल्या मॉनिटरवर आम्ही चहाचा तांबूसपणा ठरवतो. मंजुरी येते वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर अडकलेल्या गाडीतून, व्हॉट्सॲपने चेपलेल्या फाइलवरून, नाइट मोडमधल्या फोनवर. चहा पिवळा दिसतोय म्हणे.

मग येते तळाची खुलाशाची बारीक ओळ, म्हणजे सुपर. जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे ॲस्कीच्या नियमांनुसार एचडीमध्ये तिच्या अक्षराची उंची किमान 18 पिक्सेल हवी, भाषा जाहिरातीच्या आवाजाचीच हवी, आणि प्रत्येक ओळ पडद्यावर चार सेकंदांहून जास्त टिकायला हवी. चार सेकंद म्हणजे 100 फ्रेम, आणि पॅकशॉट 75चा. म्हणजे नियमाची ओळ सासूच्या हृदयपरिवर्तनातच सुरू होते, अगदी पदरावर. त्यात देवनागरीची शिरोरेषा एक पिक्सेलची ठेवली तर इंटरलेस प्रसारणात, म्हणजे चित्राच्या सम-विषम ओळी आळीपाळीने दाखवणाऱ्या पद्धतीत, ती एकाच फील्डमध्ये, म्हणजे एकाच पाळीत, येते आणि ओळभर थरथरते, म्हणून अक्षरं जाड करायची. जाड केली की एका ओळीच्या दोन होतात आणि चाराचे आठ सेकंद. हे प्रत्येक भाषेत पुन्हा; तमिळ डबिंगमध्ये तर सासूचं तोंड मिटतं आणि वाक्य चालूच राहतं.

सगळं पोचवल्यावर मोबाइलसाठी उभी आवृत्ती लागते, हे कुणालातरी आठवतं. 1920 बाय 1080च्या आडव्या चित्रातून उभा तुकडा कापला तर रुंदीला जेमतेम 608 पिक्सेल उरतात, तिसऱ्या हिश्श्याहून थोडंच कमी. त्यात सासू बसेल किंवा सून. दोघी हव्यात.

'सासूला जरा आत सरकवा ना.'

सरकवू. पण तिच्या मागची भिंत लागेल, आणि माणसांशिवायची क्लीन प्लेट कुणी घेतलेली नाही, कारण तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. म्हणून भिंत रंगवली, कॅलेंडर नवं टांगलं, सासू सुनेला चिकटवली. आता कप देणारा हात आणि घेणारा हात एकमेकांच्या आरपार जातात. सध्या सुनेचं कोपर दुमडायचं काम चालू आहे.